उन्हात वाळवलेला टोमॅटो: स्वस्ताईत भरून ठेवा, महागाईत वापरा

जुलै २०२३ मधली गोष्ट. चंदीगडमध्ये टोमॅटो किलोला २०० रुपयांच्या आसपास गेला होता. आई भाजीवाल्याकडून पाव किलो टोमॅटो घेऊन आली आणि तिने ते फ्रिजमध्ये मोजून ठेवले. पूर्ण चार होते! "आजच्या राजम्यात एकच घालीन," असं तिने जाहीर केलं.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. आईचं माहेर नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. मामा दरवर्षी टोमॅटो लावतो. आई गमतीने म्हणाली, "अरे, आता तर तुझी चांदी झाली असेल!" मामा हसला नाही. "ताई, आता कुठले टोमॅटो? मे महिन्यात बांधावर ओतले, तेच शेवटचे. तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती."

त्या वर्षी मे महिन्यात नाशिक भागात टोमॅटोचा भाव किलोला एक-दोन रुपयांवर आला होता. शेतकऱ्यांनी रस्त्यावर टोमॅटो फेकल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत देशातल्या अनेक शहरांत तोच टोमॅटो दीडशे-दोनशेच्या वर गेला. शेवटी केंद्र सरकारला नाफेड आणि एनसीसीएफमार्फत सवलतीच्या दरात टोमॅटो विकावा लागला.

आमच्या घरी हे सगळं ऐकत बसलेल्या आजीने एकच प्रश्न विचारला. "अगं, कैरी वाळवतो, कोकम वाळवतो, मिरची वाळवतो. मग टोमॅटोनेच काय घोडं मारलंय?"

हा लेख म्हणजे आजीच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. गेली काही वर्षं आम्ही उन्हाळ्यात घरच्या गच्चीवर टोमॅटो वाळवतो. त्यात चुका केल्या, शिकलो आणि आता ते जमायला लागलं आहे. सन-ड्राइड टोमॅटो म्हणजे फक्त हॉटेलातल्या पास्त्यात सापडणारी महागडी चीज नाही. ते आपल्याच वाळवणातलं, थोडं उशिरा आलेलं भावंड आहे.

टोमॅटो आपल्या वाळवणात का नव्हता?

कारण सोपं आहे. टोमॅटो मुळात आपल्याकडचा नाही. तो अमेरिका खंडातला. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला आणि पोर्तुगिजांमार्फत तो भारतात आला. रोजच्या स्वयंपाकात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. विदर्भात आजही त्याला भेदरं म्हणतात.

तोपर्यंत आपल्या स्वयंपाकातली आंबटपणाची जागा भरलेली होती. कोकणात आमसूल, देशावर चिंच आणि उन्हाळ्यात कैरीची आंबोशी. हे सगळं वर्षभर टिकणारं. टोमॅटो आला तो ताजा वापरण्यासाठी, त्यामुळे आजी-पणजीच्या वाळवणाच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही.

ज्यांच्याकडे ही सोय नव्हती, त्यांनी मात्र टोमॅटो वाळवला. दक्षिण इटलीत, विशेषतः पुलिया, कालाब्रिया आणि सिसिली भागात, उन्हाळ्यात टोमॅटो अर्धे कापून, मीठ लावून छपरांवर आणि अंगणात वाळत घालायची जुनी पद्धत आहे. हिवाळ्याची बेगमी म्हणून सुरू झालेला हा गरिबाघरचा पदार्थ १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांमध्ये पोहोचला आणि एकदम फॅशनेबल झाला.

पण त्यासाठी इटलीपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. चंदीगडमध्ये दर हिवाळ्यात काश्मिरी शालवाले गल्लोगल्ली फिरतात. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या चाचांनी गच्चीवरची आमची जाळी पाहिली आणि म्हणाले, "ये तो हमारे घर में हर साल होता है." काश्मीरमध्ये बर्फामुळे रस्ते बंद होतात, तेव्हा खाण्यासाठी उन्हाळ्यातच भाज्या वाळवून ठेवतात. अशा वाळवलेल्या भाज्यांना तिथे होख स्युन म्हणतात. त्यात दुधीच्या, वांग्याच्या फोडी असतात आणि टोमॅटोच्याही. वाळवलेल्या टोमॅटोला रुवांगन हाची म्हणतात. म्हणजे भारतातही ही जुनीच रीत आहे.

वाळवल्यावर आत काय उरतं?

ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. वाळवलेल्या टोमॅटोत ते १५ टक्क्यांच्या आसपास उरतं. म्हणून एक किलो ताज्या टोमॅटोचे साधारण ६० ते ७० ग्रॅमच होतात. पहिल्यांदा वाळवाल तेव्हा "एवढेसेच?" असं वाटेल. घाबरू नका, ते बरोबर आहे.

इंटरनेटवर वाळवलेल्या टोमॅटोबद्दल मोठमोठे आकडे वाचायला मिळतात. १०० ग्रॅममध्ये इतकं प्रोटीन, इतकं लोह, इतकं पोटॅशियम! आकडे खोटे नसतात, पण १०० ग्रॅम वाळवलेले टोमॅटो म्हणजे जवळजवळ दीड किलो ताजे. ते एका वेळी कोण खातं? आपण एका वेळी फार तर १० ग्रॅम, म्हणजे तीन-चार फोडी खातो. म्हणून खरी तुलना १० ग्रॅम वाळवलेल्या आणि १५० ग्रॅम ताज्या टोमॅटोची करायला हवी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांवरून हिशेब केला तर चित्र असं दिसतं:

• कॅलरी: दोन्हींत साधारण सारख्याच, २५ ते २७.
• पोटॅशियम: दोन्हींत साधारण सारखंच, ३५० मिलिग्रॅमच्या आसपास.
• लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारा घटक): ४ मिलिग्रॅमच्या आसपास, वाळवूनही टिकून राहतो.
• व्हिटॅमिन सी: ताज्यात सुमारे २० मिलिग्रॅम, वाळवलेल्यात फक्त ४. म्हणजे मोठा हिस्सा ऊन आणि हवेमुळे जातो.

थोडक्यात, वाळवल्याने टोमॅटोत काही जादूने वाढत नाही. पाणी जातं, व्हिटॅमिन सी बरंचसं जातं, बाकी पुष्कळ काही राहतं. म्हणून वाळवलेला टोमॅटो कोशिंबिरीच्या ताज्या टोमॅटोची जागा घेऊ शकत नाही. व्हिटॅमिन सीसाठी ताटात लिंबू, पेरू, आवळा असू द्या. पण आमटी, भाजी, रस्सा यांत शिजणाऱ्या टोमॅटोची जागा तो छान घेतो.

आणखी एक उपयोगी गोष्ट. लायकोपीन तेला-तुपात विरघळतं. त्यामुळे वाळवलेला टोमॅटो थोड्या तेलात परतून किंवा शेंगदाणे, खोबरं, तीळ यांच्यासोबत खाल्ला, तर शरीराला ते जास्त चांगलं घेता येतं. आपली फोडणी इथे कामाला येते!

कुठला टोमॅटो आणि कुठला महिना?

वाळवण्यासाठी लांबट, जाड गराचा, कमी बियांचा टोमॅटो घ्या. पूर्ण लाल, पण घट्ट. गोल, रसरशीत गावठी टोमॅटो चवीला छान असतो, पण त्यात पाणी जास्त असल्याने वाळायला वेळ लागतो. मऊ पडलेले, चिरलेले, डाग लागलेले टोमॅटो स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यांचा सॉस करा, वाळवण नको.

हवामानाचा साधा नियम असा: तापमान ३० अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असे सलग चार-पाच दिवस हवेत. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये दोन्ही आकडे दिसतात.

चंदीगडमध्ये मे आणि जूनचा पहिला पंधरवडा यासाठी अगदी योग्य. ऊन कडक असतं, हवा कोरडी असते आणि पंजाबातलं टोमॅटोचं पीक बाजारात आल्याने भावही उतरलेले असतात. आम्ही अपनी मंडीतून किंवा सेक्टर २६ च्या भाजीमंडीतून एकदम पाच-सहा किलो आणतो. जूनअखेर पाऊस आला की दुकान बंद!

महाराष्ट्रात नाशिक, मराठवाडा, विदर्भ, खानदेश या भागांत हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत वाळवता येतं. मुंबई आणि कोकणात हवा दमट असते. तिथे उन्हाच्या भरवशावर राहू नका, ओव्हन वापरा.

गच्चीवर टोमॅटो कसे वाळवायचे?

१. टोमॅटो स्वच्छ धुवा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. देठाकडचा कडक भाग काढा.

२. लहान टोमॅटोचे उभे दोन आणि मोठ्याचे चार भाग करा. लवकर वाळायला हवे असतील तर अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. सगळ्या फोडी साधारण सारख्या ठेवा, नाहीतर काही करपतात आणि काही ओल्याच राहतात.

३. चमच्याने बिया आणि पातळ गर काढा. तो फेकू नका. त्याच दिवशी सार करा किंवा आमटीत घाला.

४. एक किलो टोमॅटोला दोन लहान चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, मीठ लावा. फोडी अर्धा तास चाळणीत ठेवा. बरंच पाणी निथळतं. घरात कोणाला ब्लड प्रेशर असेल तर मीठ अजिबात लावू नका. वेळ थोडा जास्त लागेल, इतकंच.

५. स्टीलची जाळी, बांबूचं सूप किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिकची जाळी घ्या. फोडींची कापलेली बाजू वर ठेवून त्या एकमेकींना न चिकटवता मांडा. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी ताट नको. टोमॅटोतल्या आम्लामुळे त्याची धातूशी प्रक्रिया होते आणि चव बिघडते.

६. जाळी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा खेळेल. वरून मलमलचं कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. माश्या आणि धूळ दोन्हींपासून बचाव होतो.

७. दुपारनंतर फोडी उलटा. संध्याकाळी जाळी घरात घ्या. रात्री दव पडलं तर दिवसभराची मेहनत वाया जाते. उत्तरेत मे-जूनमध्ये अचानक आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येतं. आभाळ पिवळट दिसायला लागलं की पहिलं काम जाळी उचलण्याचं!

चकत्या दोन-तीन दिवसांत आणि अर्ध्या फोडी चार ते सात दिवसांत वाळतात. झाल्या की नाही हे कसं ओळखायचं? आमसूल आठवा. वाकलं पाहिजे, तुटता कामा नये. दाबल्यावर ओल लागता कामा नये आणि बोटांना चिकटता कामा नये. पूड करायची असेल तर आणखी वाळवा. पापडासारखा कडक आवाज करत मोडला पाहिजे.

*ओव्हन असेल तर:* ६० ते ६५ अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून आठ ते बारा तास. काही ओव्हन १०० अंशांखाली जात नाहीत. त्यात तीन ते पाच तास लागतात, पण शेवटच्या तासात लक्ष ठेवा, कडा करपतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे काम नीट होत नाही. फोडी वाळण्याऐवजी शिजतात.

आमची दोन किलोंची चूक

पहिल्या वर्षी टोमॅटो छान झाले, म्हणून माझा उत्साह वाढला. जुलैत दोन दिवस ऊन पडलं आणि मी आणखी दोन किलो वाळत घातले. तिसऱ्या दिवशी ढग आले. मी जाळी पंख्याखाली ठेवली आणि "उद्या ऊन येईल" म्हणत चार दिवस काढले. फोडी वरून कोरड्या दिसत होत्या, म्हणून बरणीत भरल्या. आठवड्याभराने झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी.

मला वाटलं, वरच्या फेकून खालच्या वापरू. आजीने बरणी हातातून काढून घेतली. तिचं बरोबर होतं. बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आणि विषारी घटक बाकीच्या फोडींतही गेलेले असू शकतात. एका फोडीवर बुरशी दिसली तर ती सगळी बरणी फेकायची. धुऊन, खरवडून किंवा पुन्हा उन्हात घालून ती खाण्याजोगी होत नाही.

साठवण: खरी परीक्षा इथे आहे

आमच्या त्या चुकीतून शिकलेली सर्वांत महत्त्वाची पायरी अशी: वाळवलेले टोमॅटो लगेच डब्यात बंद करून ठेवून देऊ नका. आधी काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काही फोडींत जास्त ओल असते, काहींत कमी. ती या आठवड्यात सगळ्यांत सारखी पसरते. बरणीच्या आत बाष्प दिसलं तर सगळ्या फोडी पुन्हा उन्हात घाला. आठवडाभर बरणी कोरडी राहिली तरच त्या साठवणीसाठी तयार आहेत.

उन्हात वाळवलेल्या पदार्थांत किड्यांची डोळ्यांना न दिसणारी अंडी असू शकतात. त्यासाठी फोडी पिशवीत बंद करून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा किंवा ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास ठेवा. मग पूर्ण गार करून, कोरड्या करून बरणीत भरा.

• हवाबंद काचेच्या बरणीत, अंधाऱ्या आणि थंड कपाटात सहा महिने सहज टिकतात. फ्रिजमध्ये वर्षभर.
• एक मोठी बरणी भरण्यापेक्षा तीन-चार लहान भरा. एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.
• पूड हवेतली ओल पटकन ओढते आणि तिचा गोळा होतो. म्हणून फोडी साठवा आणि पूड महिन्यापुरतीच करा.
• चमचा नेहमी कोरडा. गॅसच्या वर किंवा शेजारी बरणी ठेवू नका, तिथे वाफ असते.
• काळाच्या ओघात रंग विटकरी होतो. बुरशी, किडे किंवा कुबट वास नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तेलातले टोमॅटो: इथे मात्र सावध!

ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवलेले टोमॅटो, सोबत लसूण आणि तुळस, असा सुंदर फोटो पाहून बरेच जण घरी तसंच करतात आणि बरणी ओट्यावर सजवून ठेवतात. असं करू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही. लसूण, ओल्या पालेभाज्या यांना लागलेल्या मातीत बोटुलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जिवाणू असू शकतात. ते अशा हवा नसलेल्या, कमी आंबट आणि ओलसर जागीच वाढतात. आणि वास किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. टोमॅटो स्वतः आंबट असल्याने त्याचा धोका कमी, पण त्यात घातलेला ताजा लसूण धोका वाढवतो.

म्हणून घरी करताना तीन नियम पाळा. तेलात फक्त पूर्ण वाळलेला टोमॅटो आणि कोरडे मसाले घाला. आठवड्यात संपेल इतकंच करा. आणि बरणी नेहमी फ्रिजमध्येच ठेवा. लसूण हवा असेल तर वाढताना परतून घाला. फ्रिजमध्ये ऑलिव्ह ऑइल गोठल्यासारखं दिसतं, बाहेर काढल्यावर ते पुन्हा पातळ होतं.

विकतची बरणी घेत असाल तर लेबल वाचा. रंग लालभडक राहावा म्हणून काही उत्पादनांत सल्फर डायऑक्साइड (आयएनएस २२०) वापरतात. दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

रोजच्या स्वयंपाकात कसा वापराल?

सोपं माप लक्षात ठेवा. एका मध्यम टोमॅटोऐवजी ६-७ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन फोडी किंवा साधारण एक मोठा चमचा पूड. फोडी गरम पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवा. ते पाणी फेकू नका, आमटीत घाला. मीठ लावून वाळवलेले असतील तर पदार्थात मीठ आधी कमी घाला आणि चव पाहून वाढवा.

*१. टोमॅटोची कोरडी चटणी*

साहित्य: पूर्ण कडक वाळलेल्या टोमॅटोच्या फोडी अर्धी वाटी, भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी, भाजलेलं सुकं खोबरं पाव वाटी, तीळ दोन चमचे, लसूण आठ-दहा पाकळ्या, लाल तिखट दोन चमचे, जिरं एक चमचा, चिमूटभर साखर, चवीनुसार मीठ.

कृती: लसूण चमचाभर तेलात खरपूस होईपर्यंत परतून गार करा. आधी टोमॅटो आणि जिरं मिक्सरमधून जाडसर काढा. मग बाकी सगळं घालून थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर तेल सुटतं. भाकरी, थालीपीठ, इडली, पराठा, कशाहीसोबत छान लागते. लसूण असल्याने फ्रिजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.

*२. दहा मिनिटांत टोमॅटोचं सार*

साहित्य: टोमॅटोची पूड तीन मोठे चमचे, नारळाचं दूध एक वाटी, पाणी दोन वाट्या, गूळ एक लहान चमचा, तूप, जिरं, कढीपत्ता, एक सुकी मिरची, मीठ.

कृती: पूड कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून पाण्यासह उकळा. गूळ आणि मीठ घाला. गॅस मंद करून नारळाचं दूध घाला आणि उकळी फुटू न देता गरम करा. वरून तूप-जिरं, कढीपत्ता, मिरचीची फोडणी. खिचडीसोबत वाढा.

*३. मुलांसाठी चीज टोस्ट*

चार भिजवलेल्या फोडी बारीक चिरा. थोड्या तेलात लसणासोबत मिनिटभर परता. ब्रेडवर पसरा, वर किसलेलं चीज घालून तव्यावर झाकण ठेवून भाजा. माझा धाकटा भाऊ ताजा टोमॅटो वेचून बाजूला काढतो, पण हा टोस्ट मागून घेतो!

*आणखी काही कल्पना:* वरणात आमसुलाऐवजी दोन फोडी घाला. थालीपिठाच्या किंवा पराठ्याच्या पिठात एक चमचा पूड मिसळा. राजमा, छोले यांच्या मसाल्यात घाला, रंगही सुंदर येतो. पोह्यांवर किंवा पॉपकॉर्नवर पूड आणि काळं मीठ भुरभुरा. हॉस्टेलला किंवा ट्रेकला जाणाऱ्यांना ही पूड, मेतकूट आणि तूप दिलं की भाताची सोय झाली.

कोणी जपून खावं?

• किडनीचा आजार असलेल्यांनी: लहानशा फोडीत भरपूर पोटॅशियम असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.
• ब्लड प्रेशर असलेल्यांनी: मीठ लावून वाळवलेल्या १० ग्रॅम फोडींतून एक ते दीड ग्रॅम मीठ पोटात जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाचं दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं. यांनी बिनमिठाचेच खावेत.
• ॲसिडिटी असलेल्यांनी: टोमॅटो आंबट असतो आणि वाळल्यावर त्याचा आंबटपणा एकवटतो. थोडा खाऊन पाहा.
• लहान मुलांना: अख्ख्या चिवट फोडी घशात अडकू शकतात. बारीक चिरून किंवा पूड करून द्या.

गच्चीवरून शेतापर्यंत

आता पुन्हा मामाकडे वळू. घरी पाच किलो वाळवणं आपल्यासाठी ठीक आहे, पण ज्याच्या शेतात शेकडो क्रेट पिकतात त्याचं काय? भारत टोमॅटो पिकवण्यात चीननंतर जगात दुसरा आहे. वर्षाला सुमारे दोन कोटी टन टोमॅटो आपल्याकडे पिकतो, पण तोडल्यानंतर तो थोडेच दिवस टिकतो. म्हणून भाव पडला तरी शेतकऱ्याला माल थांबवून धरता येत नाही. भावातल्या या चढउतारावर उपाय म्हणून २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी ५०० कोटी रुपयांची ऑपरेशन ग्रीन्स योजना जाहीर झाली होती.

या प्रश्नावर मराठवाड्यात उभं राहिलेलं एक काम मला फार आशादायक वाटतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, शिकलेले वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारं वाळवणयंत्र तयार केलं आणि एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी केली. छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या महिला आपल्या दारात हे यंत्र लावून कांदा, टोमॅटो, आलं अशा भाज्या वाळवतात आणि कंपनी तो वाळलेला माल विकत घेते. बाजारात ज्या मालाला कोणी विचारत नाही, त्यातून घरात पैसे येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूरला झालेल्या समारंभात या कामाला कचरामुक्त जगाच्या गटातलं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. पारितोषिकाची रक्कम होती १० लाख पौंड.

तुमच्या बचत गटाला असा उद्योग करायचा असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची पीएमएफएमई योजना सध्या चालू आहे का, ते आधी पाहा. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. बचत गटाच्या सदस्यांना सुरुवातीच्या भांडवलासाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीचीही सोय ठेवलेली आहे. माहिती जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. आणि एक लक्षात ठेवा, घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते.

मामाकडे यंत्र नाही. पण आईने फोनवरून सगळी कृती सांगितल्यावर गेल्या उन्हाळ्यात मामीने एक क्रेट, म्हणजे २० किलो टोमॅटो, पत्र्याच्या शेडवर जाळी लावून वाळवले. सव्वा किलो झाले. त्यातला पाव किलो कुरिअरने आमच्याकडे आला. पाकिटावर मामाने पेनाने लिहिलं होतं, "जुलैत उघडा."

एका क्रेटने मामाचं शेत वाचत नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण बांधावर ओतायचा एक क्रेट कमी झाला आणि आमच्या राजम्यात आता टोमॅटो मोजून घालावा लागत नाही. येत्या उन्हाळ्यात बाजारात टोमॅटो मातीमोल दिसला, तर नुसतं हळहळू नका. दोन किलो जास्त घ्या, जाळी धुवा आणि गच्चीवर चढा. कुरडया-पापडांच्या शेजारी अजून थोडी जागा नक्की होईल.